आत्या की भाचा? मध्ययुगीन फ्रान्समधल्या पदवीचा वारस कसा ओळखायचा

११ जुलै १३०२. फ्लँडर्समधल्या कोर्त्रे गावाबाहेर चिखलात फ्रेंच घोडदळाची दाणादाण उडाली आणि सेनापती, आर्त्वाचा काउंट दुसरा रोबेर, तिथेच मारला गेला. त्याचा मुलगा फिलिप चार वर्षांपूर्वीच, १२९८ मध्ये, लढाईतल्या जखमांनी गेला होता. मागे राहिले दोघं: रोबेरची मुलगी माओ (चीनच्या माओशी काही संबंध नाही, उच्चार तसा होतो इतकंच) आणि मेलेल्या फिलिपचा पंधरा वर्षांचा मुलगा, तोही रोबेरच. म्हणजे आत्या आणि भाचा.

काउंटपद कोणाला मिळालं असेल? हा प्रश्न मी ज्यांना ज्यांना विचारला, त्यांच्यातल्या बहुतेकांनी क्षणाचाही विचार न करता ‘नातवाला’ असं सांगितलं. मुलगा गेला तर त्याच्या जागी त्याचा मुलगा उभा राहतो, हे आपल्या अंगात इतकं मुरलेलं आहे. प्रत्यक्षात आर्त्वा आत्याला मिळालं. भाच्याने पुढची तीस वर्षं हे पचवलं नाही, आणि त्यातून खटले, बंड, बनावट कागद, एका बाईचं जिवंत जळणं आणि इंग्लंडच्या राजाशी हातमिळवणी इतकं सगळं घडलं.

फ्रेंच सरदारांचा इतिहास नव्याने वाचायला लागलेल्यांसाठी हा लेख आहे. एखादी पदवी कोणाकडे का गेली हे स्वतःचं स्वतः ताडून पाहता यावं, म्हणून मी ज्या क्रमाने प्रश्न विचारत जातो तो क्रम इथे देतो. उदाहरण मुख्यतः आर्त्वाचं, कारण इतक्या जागी ठेच लागणारं दुसरं प्रकरण मला माहीत नाही.

पायरी १ : माणूस बाजूला ठेवा, जमीन पाहा

मध्ययुगात ‘आर्त्वाचा काउंट’ हा नावापुढे लावायचा किताब नव्हता. आर्त्वा नावाचा एक मुलूख होता. त्याचे किल्ले, जकाती, न्यायदानाचे हक्क, आरास शहराचं उत्पन्न हे सगळं ज्याच्या हाती तो काउंट. पदवी जमिनीच्या मागून चालत येते. त्यामुळे ‘काउंटचा वारस कोण’ असं न विचारता ‘ही जमीन कोणत्या नियमाने उतरते’ असं विचारायचं.

मराठी वाचकाला एक फरक पटकन समजेल. फ्रान्समधल्या या जहागिरी सुरुवातीला आपल्या सरंजामासारख्या होत्या. चाकरी आहे तोवर उत्पन्न, मर्जी फिरली की काढून घ्यायची. पण बाराव्या शतकापर्यंत त्या वतनासारख्या झाल्या होत्या, पिढीजात. वतन म्हटलं की भाऊबंदकी आलीच.

पायरी २ : ही जमीन या घरात आली कशी?

ही पायरी नवखे लोक हमखास गाळतात आणि मग पुढचं सगळं चुकतं.

आर्त्वा मूळचं फ्लँडर्सचं. ११८० मध्ये राजा दुसऱ्या फिलिपचं (फिलिप ऑगस्टसचं) इझाबेलशी लग्न झालं, तेव्हा फ्लँडर्सच्या काउंटने, म्हणजे तिच्या मामाने, भाचीला हुंड्यात हा दक्षिणेकडचा पट्टा देऊ केला. तिचा मुलगा राजा आठवा लुई. त्याने १२२५ च्या मृत्युपत्रात आर्त्वा आपल्या एका धाकट्या मुलाला, पहिल्या रोबेरला, ठेवलं. १२३७ मध्ये नववा लुई, म्हणजे रोबेरचा थोरला भाऊ, राजा असताना त्याला ते रीतसर मिळालं. राजघराण्यातल्या धाकट्या मुलांना निर्वाहासाठी दिलेल्या अशा मुलखाला ‘आपानाज’ म्हणतात. हा पहिला रोबेर १२५० मध्ये इजिप्तमध्ये मन्सूरा इथे क्रुसेडमध्ये पडला. त्याचा मुलगा बाप मेल्यावर जन्मला. तोच कोर्त्रेला मेलेला दुसरा रोबेर.

जमीन आपानाज निघाली, तर देताना घातलेली अट वाचायची. आठव्या लुईने म्हटलं होतं की वारस न ठेवता मरण आलं तर मुलूख राजाकडे परत यावा. वारस मुलगाच हवा, असं त्यात नव्हतं. नसलेल्या या एका शब्दामुळे माओला दार उघडं राहिलं. पुढे १३१४ मध्ये चौथ्या फिलिपने प्वातू नावाच्या दुसऱ्या मुलखाच्या आपानाजबाबत ‘फक्त पुरुष वारस’ अशी अट घातली, आणि तिथून वारे बदलत गेले. म्हणजे १३०२ च्या मुलखाला १३१४ नंतरचा नियम लावून चालत नाही.

एकाच माणसाच्या दोन जमिनी दोन वेगळ्या कारणांनी एकाच ठिकाणी जाऊ शकतात. नवव्या लुईचा भाऊ आल्फाँस आणि त्याची बायको, तुलूझची झान, १२७१ मध्ये काही दिवसांच्या अंतराने निपुत्रिक वारले. तुलूझ राजाकडे गेलं, कारण १२२९ च्या तहातच तसं लिहिलेलं होतं. आल्फाँसचं प्वातूही राजाकडे गेलं, पण ते आपानाज म्हणून. आल्फाँसचा भाऊ, आंजूचा शार्ल, त्यावर हक्क सांगत राहिला. जवळच्या नात्याने पाहिलं तर मेलेल्याचा भाऊ तोच, राजा हा पुतण्या. तरी १२८४ मध्ये पॅरिसच्या न्यायसभेने त्याचा दावा फेटाळला, कारण आपानाज धरणारा निपुत्रिक गेला की ते भावाकडे आडवं सरकत नाही, मुकुटाकडे परत जातं.

पायरी ३ : त्या मुलखाची रूढी कोणती?

सगळ्या फ्रान्सला लागू असा वारसा कायदा तेव्हा नव्हता. उत्तरेत प्रत्येक मुलखाची आपली रूढी असे. आपल्याला इथे एकाच गोष्टीची उत्सुकता आहे: मेलेल्या मुलाच्या जागी त्याचं मूल उभं राहू शकतं का? कायद्याच्या भाषेत याला प्रतिनिधित्व म्हणतात. आपल्याकडे मिताक्षरेत बाप नसलेला नातू काकांच्या बरोबरीने उभा राहतो, म्हणून तर आपलं पहिलं उत्तर चुकतं.

आर्त्वाच्या रूढीत प्रतिनिधित्व नव्हतं. तिथे पायऱ्या मोजायच्या. मेलेल्या काउंटपासून मुलगी एक पायरी लांब, नातू दोन. जवळची व्यक्ती घेते. बस्स. मुलगी की मुलगा हा प्रश्न समान पायरीवरच्या लोकांत येतो. फिलिप जिवंत असता तर बहिणीला काही मिळालं नसतं, पण तो नव्हता.

चौथ्या फिलिपने १३०९ मध्ये माओच्या बाजूने निवाडा दिला. भाच्याने १३१६ मध्ये हत्यार उचललं, आणि १३१८ मध्ये पुन्हा तोच निवाडा झाला. (तेव्हा राजा होता पाचवा फिलिप, माओचा जावई. जावयाने न्याय केला की सासूची बाजू घेतली यावर तेव्हाही लोक बोलले असणार. रूढी मात्र तिच्या बाजूने होती हे खरं.)

आता एक सापळा. १३४७ नंतर हेच आर्त्वा एका नातवाकडे गेलेलं दिसतं, आजीकडून थेट. मग नियम बदलला का? नाही. त्या आजीचं एकही मूल तेव्हा जिवंत नव्हतं. नातवासमोर जवळच्या पायरीवर दुसरं कोणी नसेल तर त्याला कोणाच्या जागी उभं राहायची गरजच पडत नाही. तेव्हा नातवाला वारसा मिळाला एवढ्यावरून तिथे प्रतिनिधित्व होतं असं म्हणू नका. स्पर्धक कोण होता ते पाहा.

पायरी ४ : वंशावळ काढा, मराठी नात्यांनी

फ्रेंच किंवा इंग्रजी पुस्तकांतल्या ‘आंट’, ‘अंकल’, ‘कझिन’ने काही उमगत नाही. वारशात नातं बापाकडून की आईकडून हाच तर मुद्दा असतो. आपल्याकडे आत्या, मावशी, चुलता, मामा, आतेभाऊ, मावसभाऊ असे शब्द तयार आहेत, ते वापरा. मी वहीत प्रत्येक नावाखाली हे शब्द लिहितो, आणि अर्धं कोडं तिथेच सुटतं.

नावांचा घोळ वेगळा. माओनंतर आर्त्वा तिची मुलगी झान हिच्याकडे गेलं, तिच्यानंतर तिची मुलगी झान हिच्याकडे. शिवाय तुलूझची झान, बर्गंडीची झान, ऑव्हेर्न्यची झान आहेतच. नावापुढचे आकडे बहुतेक वेळा नंतरच्या इतिहासकारांनी टाकलेले. माणूस आकड्याने ओळखू नका, बाप, नवरा आणि मृत्यूचं वर्ष या तीन गोष्टींनी ओळखा.

मृत्यूच्या वर्षाचीही एक गंमत आहे. तेव्हा फ्रान्सच्या राजदरबारात नवं वर्ष ईस्टरला सुरू होई. माओ २७ नोव्हेंबर १३२९ ला गेली. तिची मुलगी झान त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, २१ जानेवारी १३३० ला. पण दरबारी रिवाजाने ती जानेवारीसुद्धा १३२९ चीच. जुना कागद तसाच वाचला तर मुलगी आईच्या दहा महिने आधी गेली असं वाटतं, आणि मग तिला काउंटेस म्हणणारे सगळे चुकीचे ठरतात. जानेवारी ते ईस्टरमधली कोणतीही तारीख दिसली की आधी विचारा, ही सुधारलेली आहे का?

पायरी ५ : ‘बायकांना वारसा नव्हता’ हे डोक्यातून काढा

हा गैरसमज मुकुटाच्या वारशावरून आला. १३१६ आणि १३२८ मध्ये फ्रान्सच्या सिंहासनावरून मुलींना आणि मुलींच्या वंशाला बाजूला सारलं गेलं. त्याला जुन्या ‘सॅलिक’ कायद्याचं नाव नंतर चिकटवलं. पण तो मामला राजमुकुटाचा. त्याच काळात माओ आर्त्वाची काउंटेस म्हणून राज्य करत होती. आर्त्वाला १२९७ मध्ये ‘पेअर’चा, म्हणजे राज्यातल्या सर्वोच्च सरदारांचा दर्जा मिळालेला होता, त्यामुळे जानेवारी १३१७ मध्ये रॅन्स इथे पाचव्या फिलिपचा राज्याभिषेक झाला तेव्हा माओ पेअर म्हणून तिथे उभी होती. एका बाईने तिथे उभं राहणं काहींना रुचलं नाही. आणि ज्याचा अभिषेक चालला होता तो पुतणीला बाजूला सारून राजा होत होता. या एका समारंभात दोन्ही नियम शेजारी शेजारी दिसतात.

मालकीण लग्न झालेली असेल तर नवराही पत्नीच्या हक्काने काउंट किंवा ड्यूक म्हणवतो. तो वारस नव्हे. बायको गेली की जमीन तिच्या मुलांकडे जाते, मुलं नसतील तर तिच्या माहेरच्या वंशाकडे. यादीत एखादं नाव मध्येच परक्या घराण्याचं आलं, तर बहुधा हा जावई असतो.

पायरी ६ : प्रत्येक जमीन आपल्या वाटेने परत जाते

ही पायरी मला सगळ्यांत आवडते. तिच्यासाठी वर सापळ्यात आलेल्या नातवाकडे परत येऊ: बर्गंडीचा ड्यूक फिलिप, रूव्रच्या किल्ल्यावरून ‘रूव्रचा फिलिप’ म्हणतात तो. २१ नोव्हेंबर १३६१ ला पंधराव्या वर्षी प्लेगने गेला. मूलबाळ नाही, भाऊ-बहीण नाही. हातात मात्र पाच मोठे मुलूख: बर्गंडीची डची (ड्यूकचा मुलूख), बर्गंडीची काउंटी (काउंटचा मुलूख; दोन वेगळे प्रदेश, नीट बघा, पहिला फ्रान्सच्या राजाखाली, दुसरा पवित्र रोमन सम्राटाखाली), आर्त्वा, ऑव्हेर्न्य आणि बूलोन्य.

एकच वारस शोधायला गेलात तर सापडणार नाही. नियम असा की आईकडून आलेलं आईच्या वंशाकडे, बापाकडून आलेलं बापाच्या वंशाकडे परत. पुढे वाचण्याआधी कागद घ्या आणि करून पाहा.

ऑव्हेर्न्य आणि बूलोन्य त्याच्या आईकडून आले होते. ते आईच्या चुलत्याकडे, झाँकडे, गेले. आर्त्वा आणि बर्गंडीची काउंटी बापाच्या आईकडून आल्या होत्या. ही आजी म्हणजे माओची नात, वरच्या दोन झानांपैकी दुसरी. तिची सख्खी बहीण मार्गरित जिवंत होती, फ्लँडर्सची विधवा काउंटेस. दोन्ही तिच्याकडे गेल्या. राहिली डची. ती बापाच्या बापाकडून, ड्यूक ओदकडून आलेली. ओदच्या दोन बहिणी इथे महत्त्वाच्या. थोरली मार्गरित, तिचा नातू नाव्हारचा राजा शार्ल. धाकटी झान, तिचा मुलगा फ्रान्सचा राजा दुसरा झाँ. म्हणजे राजा हा मेलेल्या मुलाच्या बापाचा आतेभाऊ. (शिवाय त्याचा सावत्र बापही, कारण विधवा आईशी त्याने लग्न केलं होतं. वारशात त्याचा उपयोग नाही, पण पोराचा मुलूख आधीपासून कोणाच्या देखरेखीखाली होता ते कळतं.)

शार्ल म्हणाला, मी थोरल्या बहिणीच्या शाखेचा. राजा म्हणाला, मी एक पायरी जवळचा. ओळखीचं वाटतंय ना? १३०२ चाच वाद, फक्त पात्रं नवी. डची राजाकडे गेली, आणि १३६३ मध्ये त्याने ती आपल्या धाकट्या मुलाला, ‘धीट’ फिलिपला दिली. या फिलिपने १३६९ मध्ये काउंटेस मार्गरितच्या नातीशी लग्न केलं. १३८४ मध्ये त्या नातीचा बाप वारला, तेव्हा पांगलेल्या पाचांपैकी तीन मुलूख आणि वर फ्लँडर्स एका जोडप्याच्या हाती आले. युरोपच्या नकाशावर नंतर जे बलाढ्य बर्गंडी दिसतं, त्याची मुळं या वाटणीत आणि या लग्नात आहेत.

पायरी ७ : ताबा, नजराणा, निवाडा

फ्रेंच रूढीत एक म्हण होती, ‘मेलेला जिवंताला ताबा देतो’. म्हणजे वारसाचा हक्क मरणाच्या क्षणी सुरू. तरी वरिष्ठापुढे गुडघे टेकून, त्याच्या हातात हात देऊन आपण त्याचे झालो असं म्हणावं लागे. वारस आडव्या नात्यातला असेल तर बऱ्याच ठिकाणी वर्षभराच्या उत्पन्नाइतका नजराणाही द्यावा लागे. मोठ्या मुलखांत राजा तोंडाला येईल तो आकडा सांगे. १२१२ मध्ये फ्लँडर्सच्या वारसदारणीचा नवरा फेराँ याच्याकडून फिलिप ऑगस्टसने ५०,००० लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) घेतले. वंशावळीत हक्क स्पष्ट असूनही पदवी मिळायला महिने लागलेले दिसले तर कारण इथे शोधा.

वाद झाला तर तो राजाच्या पॅरिसच्या न्यायसभेत, पेअरचा मुलूख असेल तर इतर पेअरांसह. पण निवाडा वाचताना राजाचा फायदा कशात होता हेही लिहून ठेवा. १३४१ मध्ये ब्रिटनीचा ड्यूक तिसरा झाँ निपुत्रिक गेला. दावेदार दोन: मेलेल्या सख्ख्या भावाची मुलगी झान, आणि जिवंत सावत्र भाऊ माँफोरचा झाँ. काका आणि पुतणी. सप्टेंबर १३४१ मध्ये काँफ्लाँ इथे राजा सहाव्या फिलिपने पुतणीच्या बाजूने कौल दिला, म्हणजे इथे प्रतिनिधित्व मान्य झालं. पुतणीचा नवरा राजाचा सख्खा भाचा होता. बायकांना वगळून गादीवर आलेला राजा एका बाईचा हक्क राखत होता, आणि आईच्या नात्याने फ्रान्सवर हक्क सांगणारा इंग्लंडचा तिसरा एडवर्ड तिच्या विरुद्ध पुरुषाला मदत करत होता. लढाई तेवीस वर्षं चालली. १३६४ मध्ये ओरेच्या रणात पुतणीचा नवरा पडला आणि पुढच्या वर्षी गेराँदच्या तहात माँफोरच्या मुलाला डची मिळाली. न्यायसभेचा कौल एकीकडे, ताबा दुसरीकडे. दोन्ही रकाने ठेवा.

पायरी ८ : कागद खरा आहे ना?

आता आपल्या भाच्याचं पाहू. १३२८ मध्ये सहावा फिलिप राजा झाला. रोबेर त्याचा मेहुणा आणि पाठीराखा. आता तरी आर्त्वा मिळेल असं त्याला वाटलं. रूढी विरुद्ध होती, म्हणून रूढीवर मात करणारा कागद हवा होता: आईबापाच्या लग्नाच्या वेळी आजोबांनी आर्त्वा बापाला आणि त्याच्या वंशाला लिहून दिलं होतं, असं सांगणारा. तसे कागद पुढे आले. आरासच्या दिवंगत बिशपशी पूर्वी संबंध असलेल्या झान द दिव्यों नावाच्या बाईने ते तयार करवले होते, जुन्या दस्तांवरच्या मोहरा काढून नव्या कागदांना जोडून. तपासात ते उघडं पडलं. ऑक्टोबर १३३१ मध्ये पॅरिसमध्ये तिला जाळलं. १३३२ मध्ये रोबेर हद्दपार झाला, मालमत्ता जप्त झाली.

यातून वाचकाने घ्यायचं ते इतकंच: एखादा दस्त नेमका वाद पेटल्यावर, नेमक्या गरजू माणसाच्या हाती सापडला, तर तो शेवटी वाचा. आर्त्वाच्या काउंटांचं मूळ दफ्तर आजही आरासमधल्या पा-द-कालेच्या पुराभिलेखागारात आहे, त्यात माओच्या घरखर्चाच्या हिशोबांपर्यंत सगळं सापडतं. इंटरनेटवरच्या वंशावळींपेक्षा त्यावर आधारलेले अभ्यास धरा.

रोबेर इंग्लंडला गेला, तिसऱ्या एडवर्डच्या आश्रयाला. १३४२ मध्ये ब्रिटनीत वान शहराजवळ लढताना जखमी होऊन तो मेला. कोणाच्या बाजूने? माँफोरच्या. म्हणजे मेलेल्या बापाच्या जागी मूल उभं राहू शकतं यासाठी ज्याने आयुष्य उधळलं, तो शेवटी ते नाकारणाऱ्या काकाच्या बाजूने पडला.

पायरी ९ : पदवी जमिनीपासून सुटली कधी?

एका टप्प्यानंतर वरच्या पायऱ्या लागू होत नाहीत. बर्गंडीच्या घराण्यामागून आर्त्वा ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग राजघराण्याकडे गेलं. १४९३ च्या सॅनलीसच्या तहाने त्यांचा ताबा पक्का झाला, आणि १६५९ च्या पिरेनीज तहाने त्याचा बहुतेक भाग फ्रान्सला परत मिळाला. त्यानंतर १७५७ मध्ये जन्मलेल्या एका राजपुत्राला ‘काउंट ऑफ आर्त्वा’ म्हटलेलं दिसेल. तोच पुढे राजा दहावा शार्ल झाला. ते नुसतं नाव. त्याचं आपानाज दुसऱ्याच प्रांतांत होतं. माओचा वारस म्हणून त्याला वंशावळीत जोडू नका.